अप्पांचे तळवे

ठिपके आधी दिसले ते शांभवीच्या मागे.

ती नऊ महिन्यांची. नुकती रांगायला लागली होती, आणि तेव्हापासून मी घरातली फरशी दिवसातून तीनदा पुसत होते. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला डब्यांची भाजी उतरवून मी बाहेरच्या खोलीत आले, तर ती दाराकडून माझ्याकडं हसत येत होती, आणि तिच्या उजव्या तळहाताला लाल लागलं होतं. फरशीवरही तसेच ठिपके, हात-दीड हाताच्या अंतरानं, पार दारापर्यंत.

हातातली पक्कड तिथंच टाकली. तिला उचललं, झबलं काढलं, लंगोट काढला. एकेक बोट उघडून बघितलं, गुडघे बघितले, हनुवटी बघितली, तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या. नुकते आलेले दोन दात तिनं माझ्या बोटाला लावले आणि खिदळली. कुठंच काही नव्हतं. पोर शाबूत, आणि रक्त तर ओलं. हे कळल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो आणखीच टांगला. मग हे कुणाचं?

तिला कडेवर घेऊन मी ठिपक्यांच्या मागं गेले. दारातून व्हरांडा, व्हरांड्यातून जिना. पाचव्या पायरीवर माझे सासरे, चन्नबसप्पा, केरसुणी घेऊन उभे होते. वरच्या मजल्यावर आमच्याकडं क्लासची चौदा पोरं राहतात, त्यांचा कागदाचा कचरा ते रोज स्वतः झाडायचे. तोंडानं हळू आवाजात शिवनाम चाललं होतं. डावा पाय पडेल त्या प्रत्येक पायरीवर एक लाल शिक्का उठत होता.

"अप्पा, पायातून रक्त यायलंय तुमच्या."

त्यांनी खाली बघितलं. पायाकडं नाही, पायरीकडं. "पोरांनी काय तर सांडलं असंल," म्हणाले, आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

त्यांना खाली आणून खुर्चीत बसवलं खरं, पण पाय उचलून दाखवायला ते तयार होईनात. आमच्या घरात वडीलधारा माणूस कुणाकडं तळवा करत नाही, सुनेकडं तर नाहीच. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी मी त्या पायांवर डोकं ठेवत आले होते. त्यांची नखं मला पाठ होती, उजव्या अंगठ्यावरचा जुना व्रण पाठ होता. पण सगळं वरून. पाऊल खालून कसं आहे ते घरात कुणीच बघितलेलं नव्हतं.

मी आत्याबाईंना हाक मारली. उमाबाई, माझ्या सासूबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं त्यांनी पाय मांडीवर घेतला आणि बोटांनीच चाचपला. अंगठ्याच्या खाली जाड घट्टा होता, त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"ही पिन हाय की गं," त्या म्हणाल्या.

वरची पोरं भिंतीला वेळापत्रक टोचतात ती पितळी पिन. टोपीपर्यंत आत गेलेली, आणि टोपी चालून चालून चकचकीत झालेली. भोवतीची कातडी पांढरी, तिच्याखाली काळसर. आत्याबाईंनी पिन ओढली तेव्हा अप्पा शांभवीला टाळ्या वाजवून दाखवत होते. मग वास आला. सांदीत मेलेल्या उंदराचा यावा तसा. मी पोरीचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं.

किती दिवस होती ही आत, मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. दुखलं कसं नाही, असंही विचारलं.

"दुखलं असतं तर काढली नसती का मी?" अप्पा म्हणाले. त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलंच नाही.

*

आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भूकंप झाला त्या पहाटे अप्पा औसा तालुक्यातल्या आमच्या जुन्या गावात होते. गणपती बोळवून उशिरा परतले होते, झोप येईना म्हणून अंगणात अनवाणी बसले होते. आवाज व्हायच्या आधी त्यांच्या तळव्यांना कळलं. जात्याखालची भुई थरथरते तसं काहीतरी, असं ते सांगायचे. ते आत धावले, एका हातानं बायको आणि दुसऱ्या हातानं तेरा वर्षांचा मुलगा रविकिरण, म्हणजे माझा नवरा, ओढून बाहेर काढला. तिसरा हात नव्हता. आई, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली दगड-मातीखाली राहिल्या.

त्यानंतर ते लातूरला आले. प्लॉट घेतला, कॉलम-बीमचं घर बांधलं. शहरात क्लासचं पेव फुटलं तसा वरचा मजला चढवला. गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला इथं येतात, त्यांना खोली लागते, दोन वेळचा डबा लागतो. मात्र स्वतः अप्पा कधी स्लॅबखाली झोपले नाहीत. अंगणात बाज टाकायचे, आणि एक पाय खाली जमिनीला टेकवून ठेवायचे. घरात चप्पल कधीच नाही. चपलेतून काय कळणार, म्हणायचे.

आणि रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की बाहेरच्या खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभे राहायचे. आत्याबाई चहाचा कप घेऊन थांबायच्या. थोड्या वेळानं अप्पा बोलायचे, "आज जरा कुजबूज हाय," नाहीतर, "शांत हाय." मग घर चहा प्यायचं. कुजबूज असली की आत्याबाई त्या दिवशी शांत नसायच्या आणि वरच्या पोरांना दोनदा मोजायच्या.

मी नांदेडची. आमच्याकडंही मधूनच जमिनीतून आवाज यायचे, रॅकवरची भांडी वाजायची. इथं आल्यावर पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर त्याची इतकी सवय झाली, की त्या दोन शब्दांशिवाय माझाही दिवस सुरू होईना. आईचा घाबरून फोन आला की मी तिला सांगायची, आमचे अप्पा आहेत ना.

गेली दोन वर्षं कुजबूज एकदाही नव्हती. रोज, "शांत हाय." धरती निवली, अप्पा म्हणायला लागले. आत्याबाईंनी सिद्धेश्वराला अभिषेक घातला. अप्पांनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा पलंग घरात घेतला आणि पंख्याखाली घोरायला लागले. त्या घोरण्याचं आम्हाला केवढं कौतुक.

*

दवाखान्यातल्या डॉक्टर मनस्विनी वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी अप्पांना टेबलावर झोपवलं आणि ब्लेडनं मेलेली कातडी काढायला घेतली. अप्पा त्यांना औशाच्या बाजाराची गंमत सांगत होते. त्यांच्या पायात ब्लेड फिरत होतं आणि ते सांगत होते, एकदा एका व्यापाऱ्यानं एकच म्हैस दोघांना कशी विकली. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी शांभवीला छातीशी धरून भिंतीकडं तोंड करून उभी होते आणि मला त्या म्हशीच्या गोष्टीचीच भीती वाटत होती.

घट्ट्याखाली रुपयाएवढं भोक निघालं. एक्स-रे काढला, हाडाला अजून लागलं नव्हतं. अजून, असं डॉक्टर दोनदा म्हणाल्या.

मग त्यांनी आत्याबाईंना विचारायला सुरुवात केली. साखर किती वर्षं? बारा. गोळ्या वेळेवर? चहा बिनसाखरेचा पितात की, आत्याबाई म्हणाल्या. तंबाखू? खातात, पण थोडी. याआधी पायाला कधी जखम? परवाच्या उन्हाळ्यात टाच फुटली होती, दोन महिने भरंना, मग एरंडेल लावलं. घट्टा कशानं काढता? दाढीच्या ब्लेडनं, स्वतःच काढतात. स्वतःचा तळवा दिसतो का त्यांना? वाकता येत न्हाई. मग तुम्ही बघता का? मला तरी कुठं दिसायलंय, बाई. घरात चप्पल घालतात?

कधीच न्हाई, आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचं पेन चालतच होतं. ज्याला आम्ही अप्पांच्या सवयी म्हणत होतो, ते सगळं वर्षानुवर्षं या एका पायाकडं चालत आलं होतं, आणि आमच्या डोळ्यांदेखत. आत्याबाईंना ते सोसवेना. शांभवीला घेऊन त्या बाहेर जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी मग एक काडी घेतली. टोकाला नायलॉनचा जाडसर केस बसवलेला होता. तो आधी त्यांनी अप्पांच्या कपाळाला टेकवून दाखवला. म्हणाल्या, "आजोबा, डोळे मिटा. पायाला हे लागलं की हो म्हणा."

अप्पांनी डोळे मिटले. मला सगळं दिसत होतं. केस अंगठ्याला टेकला, वाकला, उचलला. करंगळीच्या बुडाशी. तळव्याच्या मध्यावर. टाचेला. मग दुसऱ्या पायाला तसंच. अप्पांचा चेहरा सकाळी पूजेनंतर असायचा तसा, अगदी लक्ष देऊन ऐकणारा. ते वाट बघत होते.

"करा की सुरू, डॉक्टर," ते म्हणाले.

डॉक्टर थांबल्या. "आजोबा, दहा-दहा ठिकाणी लावून झालं."

अप्पांनी डोळे उघडले. त्या काडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. दुसरं काय करणार होते?

"कवापासून झालं असंल असं?" त्यांनी विचारलं.

"एका दिवसात होत नाही हे. साखरेनं पायाची जाणीव हळूहळू जाते. पूर्ण जाऊन दोनेक वर्षं तरी झाली असतील."

"दोन वर्षं," अप्पा म्हणाले.

ते कुठली दोन वर्षं मोजत होते, हे त्या खोलीत फक्त मला कळलं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सहा आठवडे डावा पाय जमिनीला टेकवायचा नाही. संडासला जातानाही कुबडी. दोन्ही तळवे रोज कुणीतरी डोळ्यांनी बघायचे, त्यांनी नको म्हटलं तरी. लाली वर चढली, ताप आला, तर त्याच दिवशी यायचं. "उशीर झाला तर आधी बोट जातं, मग पाऊल. घाबरवत नाहीये तुम्हाला, सांगतेय." मी घाबरलेच होते. तेरा वर्षांच्या पोराला ओढून काढणारा माणूस आता रिक्षात दोन बायकांच्या मध्ये बसला होता.

रविकिरण नांदेडच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, शनिवारी घरी येतात. मी फोनवर जखमेचं सांगितलं, पिनेचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "अप्पांना कळलंय का?"

"पायाचं? हो, डॉक्टरांनी समोरच..."

"पायाचं नाही गं," ते म्हणाले. "ते दुसरं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर अप्पांनी कुबडी भिंतीला लावली आणि खोलीच्या मधोमध दोन्ही पायांवर उभे राहिले. बँडेज बांधलेला पायही पूर्ण टेकवला. मी "अप्पा, नको," म्हणेपर्यंत डोळे मिटलेले. आत्याबाई कप घेऊन थांबल्या. चहावर साय धरली, तरी ते उभेच.

शेवटी आत्याबाईंनी हळूच विचारलं, शांत हाय का.

"मला काय म्हाईत, उमा?" अप्पा म्हणाले.

माझ्यादेखत त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती. आत्याबाईंनी कप खाली ठेवून दिला. त्या दिवशी चहा कुणीच घेतला नाही.

मग तीन दिवस भयंकर गेले. अप्पांनी पलंग अंगणात काढायला लावला, पण त्यावर आडवे होईनात. कुबडी टाकून घरभर हिंडायचे, टाच आपटून बघायचे, कान द्यायचे, परत आपटायचे. वरच्या पोरांना म्हणाले, गाद्या अंगणात आणा. परीक्षा तोंडावर आलेली. एक पोरगा हसून म्हणाला, अप्पा, तिथं डासांना फिजिक्स शिकवायचं का? बाकीचेही हसले. अप्पांना राग आला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते त्या पोरांचे चेहरे एकेक करून बघत राहिले, जसं काही त्यांना मोजायचं होतं आणि आकडे विसरले होते.

"दोन वर्षं मी झोपलो," संध्याकाळी मला म्हणाले. "वर चौदा लेकरं. खाली ही. आन मी घोरायलो."

आत्याबाईंनी विनवलं, मग भांडल्या, मग टोमणा मारला, की पाय तुटला म्हणजे बसा धरतीमायच्या उशाला. काही उपयोग नाही. सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता, आणि तो माणूस त्याच पायानं जमीन ठोकत होता. तिसऱ्या दिवशी बँडेज पिवळं होऊन चिकटलं. मी जवळ गेले की पाय धोतरात ओढून घ्यायचे. बघू देईनात.

खरं सांगायचं तर माझंही चित्त ठिकाणावर नव्हतं. आईचा फोन आला, मागच्या आठवड्यात तिकडं परत भांडी वाजली म्हणून, आणि नेहमीचं वाक्य माझ्या तोंडून निघेना. शांभवीला पाळण्यात ठेवलं की नजर वर स्लॅबकडं जायची. तिला उचलून अंगणात न्यायची, ऊन लागायचं, परत आत. तिला वाटायचं आई खेळतेय.

चौथ्या दिवशी दुपारी मी तिला थोपटत फरशीवर आडवी झाले होते. एक हात तिच्या पाठीवर, एक फरशीवर पसरलेला. आत्याबाईंनी अंगणातल्या बोअरची मोटार लावली, आणि माझ्या तळहाताखाली फरशी बारीक गुणगुणायला लागली. पहिल्यांदा मी दचकून पोरीला उचललंच. मग कळलं. मग तशीच उठून अप्पांकडं गेले.

"अप्पा, इथं खाली बसता का? माझं एक काम हाय."

ते व्हरांड्यात खांबाला धरून उभे होते. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, ते आले. मी भिंतीलगत गादी टाकली, त्यांना बसवलं, डावा पाय उशीवर ठेवला. उजव्या पायाचा तळवा फरशीला टेकवायला सांगितलं. कानात कापूस घातला आणि वर गमछा बांधला. डोळे मिटायला खुणेनं सांगितलं आणि आत्याबाईंना मोटार चालू करायला लावली.

मी गमछा जरा सारून विचारलं, "मोटार चालू हाय का बंद?"

"बंद," अप्पा म्हणाले.

मी त्यांचा उजवा हात धरला आणि फरशीवर उपडा ठेवला, बोटं पसरून. सासऱ्याचा हात असा मी कधी धरला नव्हता. मिस्त्र्याच्या थापीसारखा रुंद, गरम हात.

त्यांच्या भुवया हलल्या.

"चालू हाय."

मी आत्याबाईंना दिसेल असा हात उंच हलवला. मोटार थांबली.

"बंद झाली," ते लगेच म्हणाले. परत लावली. "चालू." आत्याबाईंनी मुद्दाम फसवायला बराच वेळ लावलीच नाही. अप्पांनी हात उचलला नाही, काही बोलले नाहीत, वाट बघत राहिले. लावली तेव्हा अर्ध्या श्वासात म्हणाले, "हां, आता."

शांभवी रांगत आली आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवून बसली.

"झोपून पन कळंल, अप्पा," मी म्हणाले. "पलंग नको, गादी खालीच टाकते. हात भुईला, पाय उशीवर. पायाचं काम हातानं करायचं."

ते तळहात उलटा करून बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आन हे बी जाईल का?"

डॉक्टरांनी मला ते सांगितलं होतं. पाय आधी जातात, साखर अशीच राहिली तर पुढं बोटंही जातात. थाप मारायला सोपं होतं, आणि मला त्यांना निजवायचं होतं. पण या घरात दोन वर्षं आम्ही सगळे एका थापेवरच झोपलो होतो, आणि ती तर कुणी मारलीही नव्हती.

"जाऊ शकतंय," मी म्हणाले. "साखर ताब्यात ठिवली, तंबाखू सोडली, तर लवकर न्हाई जाणार. पन जाणारच न्हाई असं मला म्हणता येत न्हाई."

ते ऐकून अप्पांनी मान डोलावली. कुजबूज हाय म्हणायचे तेव्हा डोलवायचे तशी. आत्याबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. थोड्या वेळानं अप्पांनी खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि त्यांच्याकडं सरकवली.

मग दोन्ही हातांनी आपला डावा पाय उशीवरून उचलला, अवघडत, आणि माझ्या मांडीवर ठेवला. तळवा माझ्याकडं करून. तोंड भिंतीकडं फिरवलं.

"बघ, पोरी. काय हाय ते मला नीट सांग. लपवू नको."

मी कोमट पाणी घालून चिकटलेलं बँडेज सोडवलं. चार दिवस तो पाय भुई ठोकत होता. भोक मोठं झालं होतं. रुपया त्याला पुरला नसता. एका कडेला मांस लाल होतं, ते चांगलं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. दुसऱ्या कडेला राखाडी, आणि तिथून एक लाली पावलाच्या कडेनं वर निघाली होती, बोटभर. घोट्यापासून अजून लांब होती. मी आत्याबाईंना पेन आणायला सांगितलं आणि ती जिथं संपत होती तिथं रेघ मारली.

"वाढलीय, अप्पा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता जायचं. मी रिक्षा बोलावते."

"पाय जाईल का?"

"मला म्हाईत न्हाई. डॉक्टर सांगतील."

त्यांनी पाय माझ्या मांडीवरून ओढून घेतला नाही. उठायलाही बघितलं नाही. आत्याबाईंना म्हणाले, वरच्या दोन पोरांना बोलाव, मला उचलून न्या म्हणावं.